‘अँग्री’: चार्लीच्या स्टुलावर स्टीव्ह

मी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो. गाणं कुठलंही असो, कान आधी ठेक्याकडे जातात आणि शब्द मागाहून कळतात. ब्रिटिश रॉक बँड रोलिंग स्टोन्सचं ‘अँग्री’ हे गाणं सप्टेंबर २०२३ मध्ये आलं, तेव्हा मला एकच बघायचं होतं: त्यांचा ड्रमर चार्ली वॉट्स नाही, मग वाजवणार कोण आणि कसं?

चार्ली ऑगस्ट २०२१ मध्ये गेला. त्याची एक खोड आम्हा ड्रमवाल्यांना पाठ आहे. स्नेअरवर, म्हणजे समोरच्या करकरीत आवाजाच्या ड्रमवर, फटका मारताना तो हाय-हॅटवरचा, म्हणजे झांजांच्या जोडीवरचा, हात उचलून घ्यायचा. एवढ्याशा सुट्या जागेमुळे ठेका किंचित मागे रेलल्यासारखा वाटायचा. २००३ साली ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्याला लांबून पाहिलं, तर हा माणूस एवढ्या गर्दीसमोर चहा ढवळत असल्यासारखा निवांत.

‘अँग्री’वर स्टीव्ह जॉर्डन आहे. त्याचं नाव खुद्द चार्लीनेच सुचवलं होतं, आणि स्टोन्सचा गिटारवादक किथ रिचर्ड्सच्या वेगळ्या बँडमध्ये तो पूर्वीपासून वाजवत आलाय. चार्लीची नक्कल तो करत नाही, हे फार बरं केलं. त्याचा हात जड, सरळ, ठाम. वर किथची गिटार चढते. थोडं वाजवायचं, थांबायचं, परत वाजवायचं. या थांबण्यातच किथची सगळी कमाई आहे. रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी छोटी धून, पहिल्याच खेपेला डोक्यात बसते.

तक्रार आहे ती निर्माता अँड्र्यू वॉटबद्दल. गायक मिक जॅगर आणि किथ रिचर्ड्सबरोबर गीतकार म्हणूनही त्याचं नाव आहे. पोरगं हुशार आहे, पण ध्वनिमुद्रण इतकं ठासून भरलंय की वाद्यांना श्वास घ्यायला जागा नाही. फोनच्या स्पीकरवर झकास वाजतं. चांगल्या स्पीकरवर जरा आवाज वाढवलात की सगळंच एका पातळीवर येऊन आदळतं. शेवटचा मिनिटभर तेच ते आळवणं चालू राहतं, ते सरळ कापता आलं असतं.

मिक जॅगर मात्र कमाल. ऐंशीचा माणूस ‘माझ्यावर चिडू नकोस’ म्हणून गयावया करतो आणि त्यात बेरकीपणा तसाच शाबूत. महिनाभर पाऊस नाही, नदी आटली, अशी रडगाणी गातो आणि पुढे सांगतो, गोळ्या घेतोय, ब्राझीलला निघालोय. तरुणपणी याचा अर्थ काही वेगळाच झाला असता. आता मला बीपीच्या गोळ्या दिसतात.

व्हिडिओत अभिनेत्री सिडनी स्वीनी लाल उघड्या गाडीतून लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवर फिरते, आणि रस्त्याकडेच्या होर्डिंगांवरचे जुने, तरुण स्टोन्स हे नवं गाणं गातात. कल्पना चलाख आहे. पण एकदा पाहून पुरे.

पाचपैकी साडेतीन. चार्ली हवाच असेल तर याच ‘हॅकनी डायमंड्स’ अल्बममधली ‘मेस इट अप’ आणि ‘लिव्ह बाय द स्वोर्ड’ लावा. ती त्याने जाण्याआधी वाजवून ठेवली होती. दुसऱ्यात तर जुना बास वादक बिल वायमनही आहे. माझ्याकडे सध्या तेच जास्त वाजतंय.