ग्लोबल फिशिंग वॉचचा नकाशा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मोठ्या मासेमारी जहाजांच्या हालचाली दाखवणारा आणि 2016 पासून सर्वांसाठी विनामूल्य खुला असलेला हा नकाशा मी गेले आठ महिने नियमितपणे वापरत आहे. सुरुवातीला मी तो चुकीचाच वाचत होतो, हे आधी कबूल केलेले बरे. नकाशावरचा उजळ पट्टा म्हणजे तेथे भरपूर मासळी पकडली गेली, असा माझा समज होता. प्रत्यक्षात जहाजावरील एआयएस यंत्राने (म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा आपोआप प्रसारित करणाऱ्या यंत्राने) कळवलेली जागा, वेग आणि दिशा यांवरून ते जहाज त्या वेळी मासेमारी करत असावे की नाही, एवढाच अंदाज ही प्रणाली बांधते आणि त्याचे तास मोजते. जाळ्यात काय व किती आले, हे तिला कळत नाही.

हे उमगल्यावर एकेका जहाजाचा माग काढण्यात गोडी वाटू लागली. ट्रॉलर जाळे ओढत संथपणे पुढे जातो आणि पुन्हा पुन्हा वळतो, तर लांब दोरीला गळ लावणाऱ्या जहाजाची रेघ दूरवर पसरत जाते. प्रशांत महासागरातील किरिबाटी या बेटांच्या देशाने 1 जानेवारी 2015 पासून फिनिक्स बेटांच्या संरक्षित क्षेत्रात व्यापारी मासेमारी बंद केली होती. त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे महिने एकापाठोपाठ पाहिले, तेव्हा तेथील मासेमारीच्या खुणा कशा विरत गेल्या ते स्पष्ट दिसले. भर समुद्रात दोन जहाजे तासन्‌तास जवळजवळ राहिली तर त्याचीही नोंद होते, परंतु त्या भेटीत मासळी हलवली की केवळ इंधन भरले, हे नकाशावरून ठरवता येत नाही, आणि ते ठरवण्याचा मोह टाळावा.

खरी उणीव एआयएसमध्येच आहे. हे यंत्र मुळात जहाजांची टक्कर टाळण्यासाठी बनले. ते बंद करता येते आणि असंख्य नौकांवर ते नसतेच. उपग्रहांच्या रडार-चित्रांवर आधारित, जानेवारी 2024 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार जगातील सुमारे तीन-चतुर्थांश औद्योगिक मासेमारी जहाजे सार्वजनिक नोंदींत दिसतच नाहीत. शिवाय एआयएसची माहिती सुमारे तीन दिवस उशिरा येते, त्यामुळे गस्तीसाठी हा नकाशा फारसा उपयोगाचा नाही. अभ्यासासाठी मात्र तो उत्तम आहे.

आता मी रडारवर दिसलेल्या जहाजांचा थर सुरू ठेवूनच पाहतो, आणि नकाशावर एखादा भाग रिकामा दिसला की आधी तेथेच थांबतो.