सत्कार, सूचनापेटी, सर्वेक्षण की तक्रार समिती: छोट्या कारखान्याने आधी काय हाती घ्यावं?

भोसरी, सातपूर किंवा शिरोलीतलं सत्तर-ऐंशी माणसांचं युनिट डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितोय. दोन शिफ्ट, निम्मी माणसं ठेकेदाराची, एचआरला एकच जण आणि तोच पगारपत्रकही बघतो. पोरं सहा महिन्यांत सोडून जातात म्हणून मालक वैतागलेला. मग कोणीतरी सल्लागार येतो आणि चार गोष्टी सुचवतो. चारही एकदम सुरू केल्या तर एकही धड चालत नाही. तेव्हा क्रम लावावाच लागतो.

कामगारांना काय वाटतं हे फॉर्मवर विचारणाऱ्या सर्वेक्षणाचं आधी उरकून टाकू. गॅलप या अमेरिकी सर्वेक्षण कंपनीची 12 प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध आहे, मोठ्या कंपन्यांत तिचा उपयोगही होतो. पण टूलरूममध्ये पाचच जण असतील आणि फॉर्मवर विभाग, शिफ्ट, वय विचारलं असेल, तर कोणी काय लिहिलं हे फोरमनला दुपारपर्यंत कळतं. पुढच्या वेळी सगळे ‘उत्तम’वर टिक करतात. शंभरच्या आतल्या युनिटने यावर पैसे घालू नयेत.

सत्कार सोपा वाटतो, म्हणून बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. ‘महिन्याचा उत्तम कामगार’, गेटजवळ फोटो, शाल-श्रीफळ. अडचण निकषांची आहे. हजेरीवर दिला तर आजारी आई असलेला माणूस कायमचा बाद. सुपरवायझरच्या मर्जीवर दिला तर तो कोणाला मिळणार हे आधीच ठरलेलं. आणि वाद नको म्हणून पाळीपाळीने दिला तर कँटीनमध्ये त्याचा विनोद होतो. त्यापेक्षा दहा-वीस वर्षं टिकलेल्या माणसाचा सत्कार बरा, त्यात भांडायला जागा नसते. दसऱ्याला मशीनची पूजा साहेबांऐवजी त्या मशीनवरच्या ऑपरेटरच्या हातून करून घेतली तर खर्च शून्य आणि मान पुरेपूर. मात्र दिवाळीत कायम कामगारांना मिठाईचा बॉक्स आणि ठेकेदाराच्या पोरांना नुसतं ‘हॅपी दिवाली’ असा प्रकार असेल, तर वर्षभराचे सत्कार त्या एका संध्याकाळी वाया जातात.

सूचना योजनेची गोष्ट वेगळी. टोयोटाने ती 1951 मध्ये सुरू केली आणि अजून सोडलेली नाही. समजा, प्रेसवरचा माणूस दिवसभर वाकून बिनमधून ब्लँक, म्हणजे पत्र्याचे कापलेले तुकडे, उचलतोय. तो म्हणतो, बिनखाली फूटभर उंचीचा स्टँड द्या. भंगारातल्या अँगलचे चार तुकडे आणि वेल्डरची एक दुपार, एवढंच काम. ते आठवड्यात झालं तर त्याचं आणि शेजारच्या तिघांचं मन कामाला लागतं. तीन महिने ‘बघू’ म्हणालात तर पेटीत गुटख्याच्या पुड्या सापडतील. नकार द्यायला हरकत नाही, पण कारण सांगून द्या. एक पथ्य मात्र कडक पाळायचं: सूचनेमुळे वाचलेल्या हातांना दुसरं काम द्यायचं. सूचना केली आणि जोडीदाराची नोकरी गेली, असं एकदा जरी झालं तर योजना तिथेच संपते.

तक्रार समितीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण ती सर्वांत दुर्लक्षित आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार 20 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत ती हवीच. जुन्या कायद्यातही ती होती, फक्त फायलीत. सदस्य जास्तीत जास्त दहा, दोन्ही बाजूंचे समसमान, अध्यक्षपद वर्षाआड आलटून पालटून, महिलांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा. अर्ज आल्यापासून 30 दिवसांत काम संपवायचं. आणि कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्याहून अधिक जण सहमत असल्याशिवाय निर्णय होत नाही. म्हणजे मालकाने आपली माणसं भरून ठराव रेटायची सोय नाही. (लैंगिक छळाची तक्रार इथे आणू नका. त्यासाठी 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे वेगळी अंतर्गत समिती लागते.)

इथे येणारे विषय क्षुल्लक दिसतात: ओव्हरटाइमचे दोन तास कमी लागले, रजा तोंडी मंजूर करून नंतर बिनपगारी केली, सुपरवायझर बापाच्या वयाच्या माणसाला ‘ए’ म्हणून हाक मारतो. पण माणसं सोडून जातात ती यामुळेच. ‘लेखी द्या’ म्हटलं की निम्म्या तक्रारी मरतात, तेव्हा लिहून देणारं कोणीतरी समितीत हवं, आणि लाइनवर बिहार-ओडिशाची पोरं असतील तर हिंदीत. जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस 1912 मध्येच, कायद्याच्या सक्तीआधी लागू झाला होता. मान घड्याळात आणि पगाराच्या पावतीत असतो, हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

तर माझा कौल असा. गळती जास्त आणि कुरबुरी दबलेल्या असतील तर आधी समिती, तीही खरोखर चालणारी. वातावरण बरं आहे पण माणसं यंत्रासारखी येतात-जातात, अशी स्थिती असेल तर सूचना योजना, आणि तिच्यासाठी मेंटेनन्सच्या एका माणसाचा आठवड्यातला अर्धा दिवस राखून ठेवा. सत्कार तिसऱ्या नंबरावर. आणि ठेकेदाराची माणसं निम्म्याहून जास्त असतील तर या सगळ्याआधी ठेकेदाराला बसवून पगाराची तारीख, पीएफचा भरणा आणि कँटीनचं ताट या तीन गोष्टी लेखी ठरवून घ्या.