न भरणाऱ्या बेडसोरला ‘करंट’: फिजिओथेरपीची ही सेवा घ्यावी का?

महिनोन्‌महिने न भरणाऱ्या बेडसोरसाठी (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेसाठी) फिजिओथेरपिस्टकडून विजेचे उपचार घ्यावेत का? आमचं उत्तर ‘हो’ आहे, पण मशीन योग्य असेल, जखमेवरचा दाब आधी काढलेला असेल आणि आठवड्यातले पाच दिवस पाऊण-एक तास देण्याची तयारी असेल तरच. यातलं काहीही कमी असेल, तर तेच पैसे आधी चांगल्या एअर बेडवर घाला.

पहिला प्रश्न मशीनचा. आपल्याकडे बहुतेक क्लिनिकमध्ये आयएफटी, टेन्स ही वेदना कमी करणारी विजेची मशीनं आणि स्नायूंचं स्टिम्युलेटर असतं. पाठ-गुडघ्यांच्या दुखण्याला ते ठीक. जखमेसाठी मात्र ‘हाय व्होल्ट पल्स्ड करंट’ आहे का, असं स्पष्ट विचारा. याचे ठोके एकाच दिशेने जातात आणि प्रत्येक ठोका काही मायक्रोसेकंदांतच संपतो. मशीनवर ५०० व्होल्टपर्यंतचा आकडा बघून नातेवाईक घाबरतात, पण ठोके इतके आखूड असतात की सरासरी करंट एक-दोन मिलिअँपियरच्या आसपासच राहतो. जुन्या स्टिम्युलेटरवरचा अखंड ‘गॅल्व्हॅनिक’ करंट ही निराळी गोष्ट आहे. तो जास्त वेळ चालला तर ऋण पॅडखाली सोडियम हायड्रॉक्साइड तयार होऊन कातडी रासायनिक पद्धतीने भाजते. हाय व्होल्टच्या जागी तो चालवून घेऊ नका.

करंटने जखम का भरावी, हा प्रश्न रास्त आहे. धडधाकट त्वचेच्या आत-बाहेर साधारण वीस ते पन्नास मिलिव्होल्टचा फरक असतो. कातडी फाटली की तिथून बारीक प्रवाह वाहू लागतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ द्यु ब्वा-रेमाँ यांनी १८४३ मध्ये स्वतःच्याच कापलेल्या बोटावर तो मोजला होता. नवी कातडी विणणाऱ्या पेशी या प्रवाहाच्या दिशेने सरकतात. जखम कोरडी पडली, वर खपली धरली की तो मंदावतो. बाहेरून दिलेला करंट हे काम पुन्हा सुरू करतो, असं यामागचं तत्त्व आहे. बेडसोरवरच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत हट्टी दुसऱ्या आणि तिसऱ्या-चौथ्या टप्प्याच्या (टप्पा वरचा तितकी जखम खोल) जखमांसाठी पल्स्ड करंटची शिफारस आहे, तीही सर्वांत वरच्या दर्जाच्या पुराव्यावर. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना १ एप्रिल २००३ पासून याचे पैसे देते, पण ३० दिवस नीट नेहमीचे उपचार करूनही जखम भरू लागलेली नसेल तरच. घरी देखरेखीशिवाय वापरलं तर देत नाही. ही अट आपणही पाळावी. ऑनलाइन मशीन मागवून घरच्या घरी जखमेला लावणं आम्हाला मान्य नाही.

या सेवेचा खरा कस लागतो तो पॅड लावण्यात. थेरपिस्ट आला की त्याच्या हातांकडे लक्ष द्या. जुनं ड्रेसिंग काढल्यावर जखम सलाइनने भरपूर धुतली पाहिजे. सिल्व्हरचं मलम, पोव्हिडोन आयोडीन किंवा व्हॅसलिनसारखा तेलकट थर राहिला, तर कुठे करंट अडतो आणि कुठे धातूचे कण आत ढकलले जातात. सलाइन फ्रिजमधलं नको, कारण गार पडलेली जखम पुन्हा ऊब धरायला वेळ घेते. मग निर्जंतुक गॉझ सलाइनमध्ये भिजवून पिळायचा. ओला राहिला पाहिजे, पण उचलल्यावर थेंब गळता कामा नये. गळत असेल तर करंट कडेच्या चांगल्या कातडीवर पसरतो, सुकला तर एका ठिकाणी एकवटून चटका बसतो. हा गॉझ पोकळीत हलक्या हाताने भरायचा. ठासून भरला तर आतून दाब पडतो. त्यावर अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा, गॉझपेक्षा थोडा लहान, कोपरे गोल कापलेले. फॉइलचं टोक कातडीला टेकलं तर तिथेच भाजतं. फॉइलला क्लिप लावून वायर जोडायची. दुसरं मोठं पॅड जखमेपासून १५ ते ३० सेंटिमीटरवर, धडाच्या बाजूला, सपाट आणि पूर्ण टेकलेलं हवं. ते लहान असेल किंवा कडेने सुटलं असेल तर तिथली कातडी लाल होते.

करंटचं प्रमाण असं: सेकंदाला १०० ठोके, साधारण ७५ ते २०० व्होल्ट, ४५ ते ६० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. रुग्णाला सौम्य मुंग्या जाणवाव्यात, दुखू नये. मणक्याच्या इजेमुळे किंवा मधुमेहामुळे जिथे संवेदनाच नाही, तिथे स्नायू किंचित फडफडेपर्यंत वाढवून लगेच थोडं खाली आणतात. अशा रुग्णाला ‘लागतंय का?’ एवढंच विचारून बटण फिरवणारा थेरपिस्ट नको. सुरुवातीला पू-घाण असताना जखमेवर ऋण टोक आणि पुढे धन टोक, अशी पद्धत आहे. ही अदलाबदल केलीच पाहिजे, असा निर्णायक पुरावा नाही.

पेसमेकर असेल, जखमेत कॅन्सर असेल, त्या पायात रक्ताची गुठळी असेल किंवा हाडाच्या संसर्गावर उपचार झाले नसतील, तर हे उपचार नकोत. पायाच्या जखमेत आधी रक्तपुरवठा तपासा. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झाल्याने घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर १.४ च्या वर, खोटं चांगलं येऊ शकतं. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजायला सांगा.

आता दाबाकडे. माकडहाडावरच्या जखमेला तासभर करंट देऊन उरलेले २३ तास त्याच जागेवर झोपवलं, तर मशीन कितीही चांगलं असो, हाती काही लागत नाही. कुशीवर पूर्ण ९० अंशांत नव्हे, पाठीमागे उशी देऊन ३० अंशांत कलतं ठेवा. एअर बेडखाली, कमरेच्या खाली, तळहात घालून पाहा. बोटांना हाड लागत असेल तर बेडमध्ये हवा कमी आहे. रबरी गोल रिंग वापरू नका, तिच्या कडांनी भोवतीचं रक्त अडतं. व्हीलचेअरवर बसणाऱ्याने हातांवर क्षणभर उचलून घेण्यापेक्षा पुढे वाकून दोनेक मिनिटं तसंच राहावं, कातडीला रक्त परत यायला तेवढा वेळ लागतो. चांगला फिजिओ हे सगळं पहिल्याच भेटीत दाखवतो. नुसतं मशीन लावून मोबाइल बघत बसणाऱ्याला दुसऱ्या दिवसापासून बोलावू नका.

मोजमापाची वही मागा. दर आठवड्याला जखमेवर स्वच्छ पारदर्शक कागद ठेवून कड आखायची, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, खोली निर्जंतुक काडीने. ६ बाय ४ म्हणजे २४ चौरस सेंटिमीटर, पुढच्या आठवड्यात ५.५ बाय ३.५ म्हणजे सव्वाएकोणीस, इतकं साधं. मेलेलं मांस काढल्यावर जखम मोठी दिसते, त्या आठवड्याचा आकडा नवी सुरुवात धरा. मधुमेही पायाच्या जखमेचं क्षेत्रफळ चार आठवड्यांत निम्म्यावर आलं नाही, तर करंट तसाच चालू ठेवण्याऐवजी सर्जनकडे जाऊन हाड, रक्तपुरवठा आणि साखर पुन्हा तपासून घ्या.