जुन्या बायबलची बाइंडिंग करून घेतली, नंदुरबार

चर्चच्या मंडळीत संदेश (प्रवचन) द्यायला सांगितलं तर मी दोनदा नाही म्हटलं, चारचौघांत बोलताना अडखळतो ना मी. मग वडिलांचं बायबल काढलं, पानं पार सुटलेली, बाजारातल्या बाइंडरकडे टाकलं. दोऱ्याने परत शिवून दिलं, वर काळं रेक्झिन, 350 रुपये, चार दिवस सांगून आठ लावले पण काम एकदम मजबूत. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 4 था अध्याय फाटलेला, तो पातळ कागद लावून असा जोडलाय की अक्षर न अक्षर वाचता येतं. तिथंच संदेष्टा मोशे देवाला म्हणतो माझी जीभ जड आहे, तरी देव त्याला सोडत नाही, भाऊ अहरोनला सोबत देतो. वाचताना रडूच आलं. पास्टरांना फोन केला, रविवारी बोलतो म्हणून.