सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण : एका हंगामाच्या वापरानंतर

गेल्या दसऱ्यानंतर घेतलेली ६ इंची डॉब्सोनियन आता पावसाळ्यासाठी आवरून ठेवली आहे, त्यामुळे तिच्याविषयी नीट सांगता येईल. घर साताऱ्यात. मागे छोटं परसू, वर गच्ची, दक्षिणेला अजिंक्यतारा. एवढ्या जागेत तिने अख्खा हंगाम काढला. पहिली दुर्बीण घेणाऱ्याला मी बिनदिक्कत हीच सुचवेन. अट एकच: पहिल्या रात्रीची तयारी दिवसाउजेडी उरकलेली हवी.

आधी वस्तू काय आहे ते. १५० मिमी व्यासाचा आरसा, १२०० मिमी नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथवरचं), सोबत २५ आणि १० मिमीचे आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं; १२०० ला त्यांनी भागलं की ४८ पट आणि १२० पट. तिपाई नाही. नळी लाकडी बैठकीत बसते आणि हाताने वर-खाली, गोल फिरवायची. मोटर नाही, ॲप नाही. ही साधी रचना जॉन डॉब्सन यांनी सॅन फ्रान्सिस्कोत लोकप्रिय केली, फुटपाथवरून जाणाऱ्या कुणालाही आकाश बघता यावं म्हणून. बहुतेक पैसा आरशात जातो आणि बैठक भक्कम असल्याने फोकस फिरवताना चित्र थरथरत नाही. बाजारात बारीक तिपाईवरच्या, खोक्यावर ‘पाचशे पट’ छापलेल्या दुर्बिणीही मिळतात. त्या आकड्याला भुलू नका. आरसा जितक्या मिलिमीटरचा, त्याच्या दुप्पट ही उपयोगी मॅग्निफिकेशनची साधारण मर्यादा, आणि हवा तिथवरही क्वचितच पोचू देते.

जोडणीत दुपार जाते. बैठकीच्या फळ्या ॲलन कीने जोडायच्या असतात. मधला बोल्ट फार आवळला तर नळी अडखळत फिरते, सैल ठेवला तर डुगडुगते. बोटाच्या हलक्या रेट्याने सरकावी आणि बोट काढताच थांबावी, इथवर तो आणायचा. अंधारात हे जमत नाही.

मग फाइंडर, म्हणजे नेम धरायला नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण. किमान किलोमीटरभर लांब असलेल्या मोबाइल टॉवरचं टोक २५ मिमीच्या आयपीसमध्ये मधोमध आणायचं आणि फाइंडरचे स्क्रू फिरवत त्याची फुली त्याच टोकावर बसवायची. चित्र उलटं दिसेल. या दुर्बिणीत ते तसंच असतं. हे काम सूर्य मावळल्यानंतरच्या उजेडात करावं. दिवसा नळी सूर्याच्या बाजूला फिरता कामा नये. फिल्टरशिवाय क्षणभर सूर्य दिसला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि तो धोका फाइंडरमधूनही आहेच. घरात मुलं असतील तर दोन्हींची झाकणं लावल्याशिवाय तिथून हलू नये.

कॉलिमेशनला, म्हणजे आरशांच्या जुळवणीला, लोक फार घाबरतात. एफ-८ची, म्हणजे व्यासाच्या आठपट नाभीय अंतराची, दुर्बीण या बाबतीत पुष्कळ सोशिक असते. मधोमध भोक असलेली टोपी फोकसरला, म्हणजे आयपीस बसतो त्या जागी, लावून बघायचं आणि आरशाच्या मध्यावरची खूण मध्यात आणायची. रात्री खात्री करायला ध्रुव तारा उत्तम, कारण तो जवळजवळ जागचा हलत नाही. फोकस जरा बिघडवला की एकात एक वर्तुळं दिसतात. ती समकेंद्री असली की काम झालं.

गच्चीबद्दल थोडं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि त्यावरच्या हवेतून गुरू उकळल्यासारखा दिसतो. परसातल्या मातीवर तीच दुर्बीण तासाभराने कितीतरी स्वच्छ चित्र देते. खोलीतून बाहेर आणल्यावर आरसा निवायला अर्धा-पाऊण तास लागतोच, म्हणून मी जेवणाआधी ती बाहेर ठेवतो. पहिल्या दिवसापासून ही सवय लावून घ्या.

चंद्राचा कार्यक्रम तिथीवर ठरवावा. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, सगळं सपाट दिसतं. शुक्ल सप्तमी ते दशमी हे दिवस खरे. अष्टमी-नवमीला उजेड-अंधाराच्या सीमेजवळ ‘सरळ भिंत’ नावाचा कडा सापडतो, शंभर किलोमीटरहून लांब, काळ्या शाईने ओढलेल्या रेघेसारखा. शेजारच्या काकू चष्म्यासकट वाकल्या तेव्हा म्हटलं, “काकू, चष्मा काढा, फोकस मी जुळवून देतो.” नुसता जवळचा-लांबचा नंबर असेल तर फोकसने काम भागतं. सिलिंडर नंबर मोठा असेल तर मात्र चष्मा ठेवावा लागतो, आणि मग १० मिमीच्या आयपीसमध्ये पूर्ण दृश्य मावत नाही, कारण त्यात डोळा अगदी काचेशी न्यावा लागतो. काकू बराच वेळ बघत राहिल्या, मग विचारलं, “ते काळं काळं पाणी आहे का रे?” जुन्या खगोलशास्त्रज्ञांनाही तसंच वाटलं होतं, म्हणून त्या लाव्ह्याच्या मैदानांना आजही समुद्रच म्हणतात.

गुरू २०२६च्या जानेवारीत आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आला तेव्हा मिथुनेत होता. १२० पटीत दोन ठळक पट्टे आणि चारही मोठे चंद्र दिसतात. पण पृथ्वी फिरते आहे, त्यामुळे तो पावणेदोन मिनिटांत चौकट ओलांडून जातो. नळी सतत हलकेच ढकलत राहावं लागतं. हाताला हे लवकर जमतं. मात्र चारजण रांगेत असले की प्रत्येकासाठी तो पुन्हा मध्यात आणावा लागतो. त्याला इलाज नाही. शनीच्या कड्यांसाठी घेणाऱ्यांना सांगायला हवं की २०२५च्या नोव्हेंबरात कडी आपल्या बाजूला जवळपास कडेने वळलेली होती, ग्रहाला आरपार टोचलेली सुई जणू. पुढच्या वर्षांत ती उघडत जातील.

तेजोमेघांत, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांत, रंग दिसत नाहीत. फोटोतले रंग कॅमेरा बराच वेळ उजेड गोळा करून मिळवतो. डोळ्याला राखाडी धूरच दिसतो. तरीही मृगातला तेजोमेघ, व्याधाने मारलेल्या तीन ताऱ्यांच्या बाणाच्या जरा दक्षिणेला, ४८ पटीत पंख पसरून दिसतो आणि त्याच्या पोटात चार ताऱ्यांचा चिमुकला चौकोन लखलखतो. हंगामातलं सगळ्यात मोठं सुख मात्र ओमेगा सेंटॉरी. लाखो ताऱ्यांचा हा गुच्छ ब्रिटनमधून उगवतच नाही. आपल्याकडे मे महिन्यात तो दक्षिणेला क्षितिजापासून पंचविसेक अंश वर येतो. शहराच्या दिव्यांत मजा नव्हती, म्हणून नळी आणि बैठक वेगवेगळी करून गाडीत टाकली आणि गावच्या शेतावर नेली. तिथे तो गुच्छ कडेकडेने दाणेदार झाला, एकेक तारा सुटा दिसू लागला. एरवी जमेल न जमेल, पण वर्षातून एकदा तरी दुर्बीण अंधाऱ्या जागी न्याच.

तक्रारी दोन. सरळ फाइंडरमधून डोक्यावरचा तारा शोधताना मान दुखते. काटकोनी फाइंडर मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्या. दुसरी, बैठकीच्या फळ्या भुशाच्या आहेत आणि ओल लागली की कडा फुगतात. कडांना मी वॉर्निश दिलं आहे.

आता पावसाळ्यात खरी भीती बुरशीची. आयपीस सिलिका जेलसह हवाबंद डब्यात आहेत, नळीची दोन्ही तोंडं बंद, आणि ती आतल्या कोरड्या खोलीत उभी आहे. आरशावर थोडी धूळ बसली आहे, पण तिला हात लावणार नाही. पुसताना ओरखडे उठतात, आणि तेवढ्या धुळीने चित्रात काही फरक पडत नाही.