लिमिटेड एडिशनची बारा रंगी आयशॅडो पॅलेट : संक्रांतीच्या थंडीपासून सोलापुरी मेपर्यंत

आयशॅडो जानेवारीत कुणाचीही टिकते. तिची परीक्षा मेमध्ये होते, पारा चाळिशीच्या वर गेला की. थंडी आणि उन्हाळा दोन्ही काढल्यावर, गहूवर्णी ते सावळ्या पापण्यांवर या पॅलेटचा हिशेब असा आहे : बारापैकी सात रंग उत्तम, तीन हात बसला की चांगले, दोन आपल्याकडे बिनकामाचे. मांडणी सात मॅट (बिनचमकीचे) आणि पाच शिमरची (चमकीचे). मॅटमध्ये हस्तिदंती, बेज, दालचिनी, विटकरी, कॉफी, मळकट गुलाबी आणि वांगी. शिमरमध्ये शॅम्पेन, रोझ गोल्ड, तांबं, जुनं सोनं आणि ब्राँझ. ऑफिस, कॉलेज, हळदीकुंकू, लग्न, कुठेही चालतील असेच रंग घेतलेत.

आधी बिनकामाचे दोन. ते का फसतात हे कळलं की बाकीची पॅलेट वापरणं सोपं जातं. मॅट रंग फिकट करायचा तर त्यात टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं पिगमेंट (रंगद्रव्य) भरपूर पडतं. घटकांच्या यादीत ते सीआय (कलर इंडेक्स) ७७८९१ या क्रमांकाने असतं. गोऱ्या पापणीवर ते मिसळून जातं, सावळ्या पापणीवर राख फासल्यासारखं दिसतं. हस्तिदंतीचं हेच होतं, आणि मोबाइलच्या फ्लॅशमध्ये भुवईखाली पांढरा डाग उठतो. शॅम्पेनची चमक थंड, चंदेरी आहे. उबदार झाक असलेल्या त्वचेवर ती वेगळीच तरंगत राहते. बेज मात्र वाचवता येतो. पापणीवर आपल्या रंगाचा किंवा किंचित नारिंगी झाकेचा कन्सीलर अगदी पातळ लावा आणि बेज फक्त गडद रंगाच्या कडा विरवायला वापरा. पापणीभर लावायला तो नाहीच.

खरी किंमत आहे दालचिनी, विटकरी आणि कॉफी या तिघांत. हे रंग लोखंडाच्या ऑक्साइडचे आहेत : लाल सीआय ७७४९१, पिवळा ७७४९२, काळा ७७४९९. ही पिगमेंट उन्हात उडत नाहीत, पापणीला सारखी धरतात आणि एकमेकांत सहज मिसळतात. म्हणून तपकिरी मॅट सहसा दगा देत नाहीत. वांगी रंगाचं तसं नाही. जांभळ्या छटेसाठी वेगवेगळ्या जातीची पिगमेंट एकत्र आणावी लागतात, ती सारखी बसत नाहीत आणि ठिगळं दिसतात. वांगी कधीही ब्रश फिरवून लावू नका. खाली दालचिनीचा पातळ थर द्या आणि चपट्या ब्रशने वांगी टिपत टिपत बसवा. मळकट गुलाबीलाही हाच उपाय. नुसती लावली तर डोळे जागरण झाल्यासारखे दिसतात.

आता बेस, म्हणजे रंगाखालची तयारी, कारण आपल्याकडे सगळा खेळ तिथेच आहे. उन्हाळ्यात रंग पापणीच्या घडीत जमतो तो पावडर वितळते म्हणून नाही; दाबून बसवलेली पावडर या तापमानाला वितळत नाही. पापणीचं तेल आणि घाम पावडरीत शिरतो, डोळा उघडमिट झाला की ती ओली पावडर घडीत ढकलली जाते. म्हणून चेहरा धुऊन हलकं जेल मॉइश्चरायझर लावा, पाच मिनिटं थांबा, पापणीवर टिश्यू दाबून जास्तीचं उचलून घ्या. प्राइमर (रंग धरून ठेवणारा लेप) दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या दोन दाण्यांएवढा पुरतो. जास्त झाला तर तोच घसरतो. बोटाने टिपून एक मिनिट वाळू द्या. मॅट लावायची असेल तर वर त्वचेच्या रंगाची पावडर अगदी हलकी झटका. चिकट बेसवर मॅट पडली की पहिला हात जिथे टेकला तिथेच डाग धरतो आणि मग कितीही घासा, विरत नाही. शिमरसाठी उलट, बेस किंचित चिकट राहू द्या. तेलकट सनस्क्रीन पापणीपासून लांबच ठेवा. एवढं केल्यावर भर उन्हाळ्यात पाच-सहा तास घडी पडत नाही; बेसशिवाय दोन तासांत रेघ दिसते. थंडीत बेस नसला तरी संध्याकाळपर्यंत निभतं.

रोजच्या लुकला तीनच रंग लागतात. मऊ, फुगीर ब्रश दालचिनीत दोनदा टेकवा, दांडी झटकून जास्तीची पावडर पाडा. या पॅलेटचे मॅट भुसभुशीत आहेत, ब्रश घोळवला तर निम्मी पावडर डब्यातच उडते. आरशात सरळ बघत, डोळे उघडे ठेवून, घडीच्या जरा वर बाहेरच्या कोपऱ्यापासून आत या. डोळा उघडल्यावर पापणी वरच्या त्वचेखाली झाकली जात असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण डोळा मिटून लावलेला रंग उघडल्यावर गायब होतो. मग विटकरी फक्त बाहेरच्या एक तृतीयांश भागात. शेवटी बारीक टोकाच्या ब्रशने कॉफी पापण्यांच्या केसांलगत, वर आणि खाली. या कॉफीचा दुसरा उपयोग काजळासाठी : काजळाच्या कडेवर ती दाबून बसवली की काजळ गालावर उतरायला खूप वेळ घेतं.

शिमर ब्रशपेक्षा बोटाने चांगले बसतात. अनामिकेने दाबा, घासू नका. लग्नासाठी जास्त चमक हवी असेल तर चपटा ब्रश पॅनमध्ये (रंगाच्या वाटीत) फिरवून घ्या आणि मग सेटिंग स्प्रेचा एक फवारा ब्रशवर मारा. पॅनवर कधीच नाही. ओल शिरली की बाइंडर (पावडर बांधून ठेवणारा घटक) वर येऊन पृष्ठभाग टणक होतो आणि रंग उचलणं बंद होतं. बोटाच्या तेलानेही असाच थर धरतो. पारदर्शक चिकटपट्टी हलकेच दाबून उचलली की तो निघतो. तांबं आणि जुनं सोनं फारसं गळत नाही, ब्राँझ गळतं. ब्राँझ वापरायचं त्या दिवशी डोळे आधी करा, चेहऱ्याचा बेस नंतर.

दुचाकीवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. स्कार्फ नाकावरून डोळ्यांखालपर्यंत आवळला की आतली वाफ वर डोळ्यांकडे जाते आणि आतल्या कोपऱ्यातला शिमर पुसला जातो. सोलापुरात विजापूर रोडहून भर दुपारी नवी पेठेत जायचं असेल तर घरून फक्त मॅट लावून निघा, पोचल्यावर टिश्यू टिपून शिमर बोटाने लावा. पॅलेट डिकीत ठेवू नका. उन्हाच्या तापाने पॅनखालचा गोंद सुटतो आणि गतिरोधकांच्या धक्क्यांनी मॅट तडकतात. तडकलाच तर चुरा पॅनमध्येच बारीक करून त्यात ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब घाला, टिश्यूने दाबा आणि रात्रभर उघडा ठेवा. रंग परत बसतो, पोत थोडा कडक होतो.

कपड्यांशी जुळवताना : संक्रांतीच्या काळ्या साडीवर वांगी आणि ब्राँझ, इरकलच्या लाल पदरावर विटकरी, पैठणीवर जुनं सोनं. संक्रांतीच्याच दिवसांत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते आणि होम मैदानावर धूळ उडते. लेन्स घालणाऱ्यांनी तिथे जाताना शिमर टाळावा. एरवीही लेन्स मेकअपच्या आधी घालायच्या आणि मेकअप काढायच्या आधी काढायच्या. मंगल कार्यालयाच्या पिवळ्या दिव्यांत दालचिनी फिकी पडते, मळकट गुलाबी करडी होते, म्हणून संध्याकाळच्या समारंभाला एक हात जास्त द्या.

ब्रश धुताना बोअरचं जड पाणी त्रास देतं. क्षार केसांत बसतात, ब्रश खरखरीत होतो आणि मॅट विरत नाही. सौम्य शाम्पूने धुऊन शेवटचं पाणी आरओचं किंवा उकळून गार केलेलं घ्या, आणि ब्रश आडवे किंवा टोक खाली करून वाळवा. उभे ठेवले तर पाणी दांडीत उतरून गोंद सुटतो. मेकअप काढायला खोबरेल तेल चालतं, थंडीत ते थिजतं तेव्हा तळहातावर घासून घ्या. कापूस अर्धा मिनिट पापणीवर धरून ठेवा, मग पुसा. वांगीचा गुलाबी डाग पहिल्या हातात जात नाही, दुसऱ्यात जातो.

लिमिटेड एडिशनच्या नकला फार निघतात, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. बाहेरून आलेल्या मालावर आयात नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि नोंदणीधारकाचं नाव-पत्ता असायला हवा. बॅच क्रमांक, मुदत आणि एमआरपीही बघा. खोक्यावरचा आणि पॅलेटच्या पाठीवरचा बॅच क्रमांक जुळतो का हेही तपासा. शाकाहारी असाल तर यादीत सीआय ७५४७० नाही ना ते बघा, ते किड्यांपासून काढलेलं कारमाइन. उघड्या डब्याच्या चिन्हात १२एम लिहिलेलं असेल तर उघडल्यापासून बारा महिने वापरायचं.

दालचिनीचा तळ सगळ्यात आधी दिसतो आणि ही पॅलेट परत येणार नाही. तिचा पर्याय कायम मिळणाऱ्या सुट्या रंगांत शोधा. नुसता फोटो बघू नका. नवी पेठेत टेस्टर असेल तर मनगटाच्या आत दोन्ही रंग शेजारी लावून दुकानाबाहेर उजेडात या. पुसल्यावर दोन्हींची उरलेली झाक सारखीच नारिंगी-तपकिरी दिसली तर तो रंग चालेल. गुलाबीकडे झुकली तर विटकरीशी तो नीट जुळणार नाही.