जुना स्पेक्ट्रम कॉम्प्युटर चालू करून हवा असेल तर कुडाळ

कुडाळ बाजारातलं एक जुनं टीव्ही रिपेरिंगचं दुकान आहे, तिथे मामाचा डीबी स्पेक्ट्रम प्लस दिला होता. पाचपैकी साडेचार स्टार. हे मशीन म्हणजे सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीच्या स्पेक्ट्रमचं डेसिबेल्स कंपनीने भारतात काढलेलं रूप, कित्येक वर्षं माळ्यावर पडून, त्यात आपली खारी हवा, कीबोर्डखालचं मेम्ब्रेन, म्हणजे बटणं जोडणारा पातळ प्लास्टिकचा पडदा, पार कडक होऊन तुटलेलं. दुकानवाल्या काकांनी मेम्ब्रेन मागवून बसवलं, कपॅसिटर बदलले, अँटेनाच्या वायरऐवजी सरळ व्हिडिओ आउट काढून दिला, म्हणजे चॅनल जुळवत बसायला नको आणि मुंग्याही गायब. अडॅप्टरला लाल टेप लावली ते तर बेस्ट, कारण स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात पण आतली पिन निगेटिव्ह, राउटरचा अडॅप्टर खुपसलात तर मशीन गेलंच समजा.

आता रंगांचं, कारण बघणारा प्रत्येक जण हेच विचारतो. गेममधला हिरवा माणूस पिवळ्या भिंतीला चिकटला की भिंतीचा तेवढा तुकडाही हिरवा! काका म्हणाले, "टीव्हीचो दोष नाय हां, ह्या मशीनच तसा आसा." खरंय. १९८२ ला मेमरी महाग, स्क्रीन २५६ बाय १९२ ठिपक्यांचा, प्रत्येक ठिपक्याला १६ पैकी कुठलाही रंग द्यायचा म्हटलं तर नुसत्या स्क्रीनलाच २४ केबी, आणि स्वस्तातल्या मॉडेलमध्ये अख्खी मेमरी होती १६ केबी!! मग सिंक्लेअरवाल्यांनी ८ बाय ८ ठिपक्यांच्या एकेका चौकोनाला दोनच रंग दिले, एक शाईचा (चित्राचा) एक कागदाचा (मागचा), आणि सगळा स्क्रीन ६९१२ बाइटमध्ये कोंबला. कमोडोर ६४ हा दुसरा घरगुती कॉम्प्युटर पण त्याच वर्षीचा, त्याच्या चिपमध्ये हलणाऱ्या चित्रांसाठी स्प्राइट वेगळे, म्हणून तिथे हा घोळ कमी, पण किंमतही जास्त. १९७७ चा ॲपल टू तर अमेरिकन एनटीएससी टीव्हीला चक्क गंडवून रंग काढायचा, आपल्याकडच्या पाल (PAL) पद्धतीच्या टीव्हीवर ती युक्ती चाललीच नसती. मला विचाराल तर स्पेक्ट्रमची काटकसरच भारी.

घरी डबा टीव्ही असेल तर भंगारात देऊ नका, एलसीडीवर हे रंग फारच भडक दिसतात. अर्धा स्टार कापला कारण काका फोन उचलत नाहीत आणि दुपारी शटर खाली, सकाळीच जा.